एका चुलीचा अर्ज

कोल्हापूर

२००५ च्या डिसेंबरात मी नऊ दिवस कोल्हापूर जिल्ह्यात होतो. तिकडे जाणारी माणसं अंबाबाईचं दर्शन घेतात, पन्हाळ्यावर जाऊन येतात आणि येताना चपलांचा जोड आणतात. मी यातलं काही केलं नाही. मी तिथे शिधापत्रिकांचे अर्ज भरायला गेलो होतो.

याला कारण गिरिजा पाटणशेट्टी. त्यांचे यजमान नागपूरला नोकरीत होते तेव्हा त्या आमच्या शेजारी राहत. यजमान गेल्यावर त्या कुरुंदवाडला माहेरी परतल्या. तिथे भावाच्या धान्याच्या दुकानात बसतात आणि उरलेल्या वेळात लोकांची कामं करतात. त्यांचं पत्र आलं: ‘ढोकेभाऊ, तुम्ही पुरवठा खात्यात सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज नामंजूर केलेत. मंजूर होणारा अर्ज कसा असतो हे तुमच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? आता रिकामे आहात. या.’

पत्रात उपरोध नव्हता. गिरिजाबाई सरळ लिहितात. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती आणि खरोखरच रिकामा होतो. मधुकरने संत्र्यांची पेटी बांधून दिली आणि मी निघालो. मधुकर शाळेत चित्रकला शिकवतो. आम्ही चौदा वर्षं एका घरात राहतो. लोक त्याला माझा भाडेकरू समजतात, काही जण मामेभाऊ समजतात. आम्ही कुणाला दुरुस्त करत नाही. गिरिजाबाई आमच्या शेजारी आठ वर्षं होत्या. त्यांनी कधी काही विचारलं नाही आणि सणाला ताट पाठवायच्या ते दोघांचं.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने पेटी उचलत विचारलं, “काय पावणं, कुठनं आलासा?”

“नागपूर.”

“लई लांबनं की! मग तिखटाला भ्यायचं न्हाय तुमी.”

मी भ्यालो नाही, पण सावध झालो. नागपूरकर तिखटाच्या बाबतीत स्वतःला शेवटचा शब्द समजतो. दुपारी एका खानावळीत तांबडा रस्सा आला, पाठोपाठ पांढरा आला. आमच्याकडचं तिखट घशात उतरून मग बोलतं, इथलं ओठावरच ओरडतं. पांढरा रस्सा मात्र मला नवा होता. मी तीन वाट्या प्यायलो. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, “घ्या की अजून, लाजताय काय? मी वाढतो.”

मी वर पाहिलं. बाई बाईच होत्या. पुढे एस.टी. स्टँडवर गिरिजाबाई मला न्यायला आल्या, त्याही म्हणाल्या, “थांबा भाऊ, मी तिकीट काढून येतो.” नागपुरात असताना त्या ‘येते’ म्हणायच्या. इथे बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला ते ऐकायची सवय व्हायला दोन दिवस लागले.

कुरुंदवाड

गिरिजाबाईंना इथे सगळे अक्का म्हणतात. दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, भावाशी कानडी, आणि भांडण असेल तर दोन्ही. दुकानाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मातकट रेघ होती. जुलै-ऑगस्टच्या महापुराचं पाणी तिथवर आलं होतं. भिंत पुन्हा रंगवायची राहून गेली होती, की मुद्दाम ठेवली होती, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत आणि खर्डा. आमच्याकडे याला ठेचा म्हणतात आणि इतका बारीक वाटत नाहीत. जेवताना गिरिजाबाईंनी प्रकरण समजावून सांगितलं.

नदीकाठच्या सखल जागेत वीटभट्टीवरच्या माणसांची वस्ती होती. विजापूरच्या बाजूने दुष्काळात आलेली चौतीस घरं. भट्टी पावसात बंद असली तरी ती परत जात नव्हती, कारण परत जायला तिकडे काही उरलं नव्हतं. त्यांच्याकडे ना तिकडचं कार्ड होतं ना इकडचं. त्याच वस्तीच्या टोकाला एका खोपटात पाच जोगतिणी राहत. जन्माला पुरुष म्हणून आलेली, यल्लम्माला सोडलेली, लुगडं नेसून देवीची गाणी म्हणत जोगवा मागणारी माणसं. त्यांच्यातली थोरली मल्लव्वा.

पुराचं पाणी पहाटे वस्तीत शिरलं तेव्हा मल्लव्वांनी आणि त्यांच्या चेल्यांनी चौंडकं वाजवत वस्ती उठवली. चौंडकं म्हणजे जोगतिणींचं एकतारी वाद्य. सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर गेले. आठ दिवस तिथे राहिले. मग पाणी उतरलं आणि मदतीचा तांदूळ, रॉकेल, चादरी आल्या. वाटप कार्डावर होतं.

“रांगेत शेवटाला दोनच जातीची माणसं उरली,” गिरिजाबाई म्हणाल्या. “भट्टीवाली आणि जोगतिणी. भट्टीवाल्यांना म्हणाले, तुम्ही बाहेरचे. जोगतिणींना म्हणाले, तुमचं कुटुंब कुठं आहे? तिथनं ही माणसं एकमेकांशी बोलायला लागली. आधी पाणीसुद्धा वेगळं भरायची.”

आता दोघांनी मिळून कचेरीसमोर धरणं धरायचं ठरवलं होतं. त्याआधी अर्ज हवे होते. नीट भरलेले, परत पाठवायला जागा न ठेवणारे.

वीटभट्टी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीवर गेलो. भट्टी पेटलेली होती. आसपासच्या हवेला राख आणि उसाच्या पाचटाचा वास होता. थोड्या अंतरावर गुऱ्हाळ चालू होतं, तिकडून वारा आला की राखेवर गोड वास चढायचा. चिखल तुडवणारी माणसं थांबली. हणमंत नावाचा चाळिशीचा गडी पुढे आला. वस्तीचं बोलणं तोच करतो. त्याने माझ्यासाठी उलटी पाटी ठेवली आणि तिच्यावर गोणपाट टाकलं.

“बसा साहेब. आमच्याकडं कागुद न्हाय, आन खुर्चीबी न्हाय.”

मी कामाला लागलो. वय, गाव, येऊन किती वर्षं झाली, भट्टीमालक लेखी देईल का. मालक देणार नव्हता. मग शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी, मुलाला लस टोचल्याचं कार्ड, काहीही. सत्तावीस वर्षं मी माणसं खिडकीच्या पलीकडून पाहिली होती. तिथून ती सगळी सारखी दिसतात. चिखलात बसून पाहताना दिसलं की प्रत्येक घरात एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यात कागद असतात, फक्त कचेरीला हवे ते नसतात. हणमंताची बायको रेणव्वा हिने तिच्या डब्यातून लग्नाची पत्रिका काढून दिली. कानडीत होती, हळद लागलेली. पूर येण्याआधी महिनाभर तिला मुलगी झाली होती, तिचा कुठलाच कागद नव्हता.

चौतीस घरं दोन दिवसांत झाली. मग मल्लव्वांच्या खोपटात गेलो.

खोपट वस्तीतलं सर्वांत स्वच्छ घर होतं. एका कोनाड्यात देवीचा जग, म्हणजे डोक्यावर घ्यायची टोपली आणि तिच्यात बसवलेली मूर्ती. मल्लव्वा पन्नाशीच्या, उंच, कपाळभर कुंकू. आवाज जाड. “या पावणं, मी च्या ठेवलोय,” म्हणाल्या. मी आता दचकलो नाही.

“नाव?”

“मल्लव्वा.”

“कागदावर?”

“मल्लाप्पा हुतं. शाळेत दोन वर्सं गेलतो, तिथलं असंल.”

मी अर्जातला पुढचा रकाना पाहिला. पुरुष किंवा स्त्री. त्याच्यापुढचा रकाना, कुटुंबप्रमुखाशी नातं. पाच माणसं होती, चूल एक, तवा एक.

“यांचं तुमच्याशी नातं काय लिहू?”

“मी गुरू, त्या चेल्या. लेकीच म्हना की.”

“ते रकान्यात बसत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन सांगता येत नाही. “त्यापेक्षा पाच वेगळे अर्ज करू. एकटं, निराधार. तसे चटकन मंजूर होतात.”

मल्लव्वांनी कपात चहा ओतला. “निराधार कशी? आमी हाय की एकमेकीला.” मग सहज विचारावं तसं विचारलं, “तुमच्या कार्डावर किती नावं हायत?”

“एक.”

“आन घरात माणसं?”

गिरिजाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या बाहेर भट्टीकडे पाहू लागल्या.

“दोन,” मी म्हणालो.

मल्लव्वांनी मान हलवली. मी पाच वेगळे अर्ज भरले, पाच ठिकाणी अंगठे घेतले आणि चहा संपवला.

नृसिंहवाडी

अर्ज देण्याआधी एक दिवस मोकळा होता. गिरिजाबाई म्हणाल्या, इतक्या लांब आलात आणि वाडी नाही पाहिली तर मधुकरराव मला बोलतील. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, कृष्णा आणि पंचगंगा मिळतात तिथलं दत्ताचं गाव. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं आणि देवाची उत्सवमूर्ती वर मठात नेतात. इथल्या लोकांना यात विशेष काही वाटत नाही. पाणी आलं की देव हलतो, उतरलं की परततो. देवाला कुणी कागद विचारत नाही, असं गिरिजाबाई म्हणाल्या आणि लगेच कानाला हात लावला.

पेढे, कवठाची बर्फी आणि बासुंदी घेतली. कवठाची बर्फी मी पहिल्यांदाच खाल्ली. आंबटगोड, थोडी तुरट, एका तुकड्यावर थांबता येत नाही. ती चघळत मी घाटाच्या पायऱ्या उतरलो आणि शेवटच्या ओल्या पायरीवर माझा पाय सरकला. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. मला काही झालं नाही. खांद्यावरची पिशवी मात्र पूर्ण बुडाली आणि पिशवीत सगळे अर्ज होते. ते बरोबर का आणले होते, याचं उत्तर सरकारी नोकरी. महत्त्वाचा कागद दुसऱ्याच्या घरी ठेवायचा नाही, ही सवय.

घाटावरच्या एका नावाड्याने मला ओढून बाहेर काढलं आणि म्हणाला, “देवानं बोलावलंच हुतं, तर तोंड धुऊन जायचं की पावणं, आंगूळ कशाला?”

संध्याकाळी दुकानात धान्याच्या पोत्यांवर अर्ज पसरले. शाई पसरून निळे ढग झाले होते, अक्षर कसंबसं वाचता येत होतं. कोरे अर्ज माझ्याकडे शिल्लक होते, त्यामुळे सगळे पुन्हा लिहायचे आणि अंगठे देण्याच्या दिवशी पुन्हा घ्यायचे. दुसऱ्या दिवशी दिवसभर बसलो. चौतीस घरांचे अर्ज मी जसेच्या तसे उतरवले. शेवटी मल्लव्वांचे पाच आले तेव्हा पेन खाली ठेवलं.

मी कधी चळवळीतला माणूस नव्हतो. मुंबईत आमच्यासारख्यांच्या बैठका भरू लागल्या होत्या. एकदा कामानिमित्त गेलो असताना एका बैठकीला जाऊन बसलो होतो. चांगली, हुशार मुलं होती. कायद्यातलं कलम, अटक, ब्लॅकमेल, सगळं गंभीर होतं आणि सगळं इंग्रजीत होतं. मी मागच्या रांगेत बसून चहा पिऊन परत आलो. मधुकरने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, आपल्याबद्दलच बोलत होते, पण मला दोन ओळी सोडल्या तर काही कळलं नाही.

आता पोत्यांच्या मधोमध बसून मी पाच अर्ज बाजूला ठेवले आणि एक कोरा घेतला. कुटुंबप्रमुख: मल्लव्वा ऊर्फ मल्लाप्पा. लिंग या रकान्यात दोन्ही शब्द न खोडता तसेच ठेवले आणि शेजारी लिहिलं, ‘जोगतीण’. बाकी चौघींपुढे नात्याच्या रकान्यात लिहिलं, ‘एका चुलीवर जेवणारे’. सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरून मला माहीत होतं की हा अर्ज परत येणार.

गिरिजाबाईंनी तो वाचला. “बरं लिहिलाय,” एवढंच म्हणाल्या.

कचेरीसमोर

कचेरीचं गाव मी लिहीत नाही. तिथे धरणं धरलं ते सोमवारी. साठ-सत्तर माणसं, पोरंबाळं, भाकरीची गाठोडी. हणमंताने घोषणा बसवली होती. “कागुद न्हाय” असं तो म्हणायचा आणि बाकीचे म्हणायचे, “माणूस हाय!” मल्लव्वांची चौंडक्यावरची चेली त्या घोषणेला ठेका धरायची. पहिल्या दिवशी बाजाराला आलेले लोक थांबून जोगतिणींकडे बघून हसायचे. मग चौंडकं ऐकून बायका पाया पडायला यायच्या. एकाच माणसाला सकाळी हसतात आणि दुपारी नमस्कार करतात. नागपुरातही हेच चालतं, फक्त तिथे नमस्कार नसतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. हणमंत, मल्लव्वा, गिरिजाबाई आणि मी. साहेब पस्तिशीतले, थकलेले, मुळीच उद्धट नव्हते. अर्ज त्यांनी वाचलेले दिसले, हे मला आवडलं.

“भट्टीवरच्या कुटुंबांचं बघता येईल,” ते म्हणाले. “गृहचौकशी लावतो. तात्पुरती कार्डं मिळतील. पण हा एक अर्ज काढून घ्या. हे प्रकरण वेगळं आहे. खरं सांगतो, यांच्यासोबत बसलात तर तुमचं काम अवघड होतं. वरती काय सांगू मी?”

बाहेर पिंपळाखाली सगळे जमले. हणमंताने साहेबांचं बोलणं कानडीत सांगितलं. सगळे एकदम बोलू लागले. एक म्हातारा म्हणाला, जोगतिणी देवीच्या आहेत, देवी त्यांचं बघेल, आपण आपल्या लेकरांचं बघावं. पुष्कळांनी माना डोलावल्या.

हणमंताने मला विचारलं, “साहेब, तुमी सांगा.”

मी सांगितलं. “जे मिळतंय ते घ्या. एकदा कार्ड हातात आलं की मागे घेत नाहीत. यांच्यासाठी पुन्हा प्रयत्न करू.” हे मी प्रामाणिकपणे बोललो होतो. खिडकीच्या आतला माणूसही हेच बोलला असता, हे मला नंतर कळलं.

मल्लव्वा म्हणाल्या, “घ्या की बाबांनो. आमचं काय, जोगवा मागून खातो आमी.” आणि त्या जग उचलायला वाकल्या.

तेव्हा रेणव्वा उठली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. कडेवर मुलगी होती. ती कानडीत बोलत होती आणि गिरिजाबाई माझ्या कानाशी मराठीत सांगत होत्या, पण मला वाटतं तिच्या हातांवरूनही कळलं असतं. त्या पहाटे पाणी इथपर्यंत होतं, तिने छातीला हात लावला. नवरा म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन पुढे गेला होता. तिच्या हातातलं लेकरू तिला पाण्यावर धरता येईना. मल्लव्वांनी डोक्यावरचा जग खाली घेतला, देवी काढली, पदरात बांधली आणि लेकराला जगात ठेवून शाळेपर्यंत नेलं.

“देवीनं उठून हिला जागा दिली,” रेणव्वा म्हणाली, आणि हे तिने मराठीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. “आता मी ह्यांना उठा म्हणू?”

हणमंताने डोक्याचा पटका सोडला, झटकला, पुन्हा बांधला. मग तो एकटाच कचेरीच्या पायऱ्या चढू लागला. मी त्याच्यामागे गेलो.

“सायेब,” तो दारातूनच म्हणाला, “सगळी, न्हायतर कुणी न्हाय.”

साहेबांनी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्ही शिकवलंत त्यांना? तुम्ही खात्यातले आहात ना? तुमचा या लोकांशी संबंध काय?”

मी उलट सल्ला दिला होता, हे सांगता आलं असतं. मी म्हणालो, “मी आणि माझा सोबती चौदा वर्षं एका घरात राहतो साहेब. आमची चूल एक आहे. कार्डं दोन आहेत.”

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचं लिहिणं थांबलं. हे वाक्य मी आईसमोरही कधी बोललो नव्हतो.

“हे मला कशाला सांगताय?” साहेब हळू म्हणाले.

“तुम्ही संबंध विचारलात.”

त्यांनी सगळ्यात वरचा, मल्लव्वांचा अर्ज उचलला, पुन्हा वाचला आणि खाली ठेवला. “जा तुम्ही,” म्हणाले. रागाने नव्हे.

बाहेर पडताना हणमंताने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला सगळं कळलं होतं की थोडं, मला माहीत नाही. “चला पावणं,” तो म्हणाला, “भाकरी खाऊ.” तोवर तो मला साहेब म्हणत होता.

धरणं आणखी दोन दिवस चाललं. चौथ्या दिवशी लेखी मिळालं: आलेल्या सर्व अर्जांची गृहचौकशी करावी. ‘सर्व’ या शब्दाखाली गिरिजाबाईंनी बोटाने रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी मी निघालो. रेणव्वाने खर्ड्याची पुरचुंडी दिली, मल्लव्वांनी कपाळाला भंडारा लावला. नागपूरला पोहोचल्यावर मी मधुकरला कचेरीतलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पंखा फिरत होता म्हणतोस, म्हणजे डिसेंबरात?” मी म्हणालो, कोल्हापूरकडे लावतात. मग आम्ही दोघंही हसलो.

आंब्याच्या दिवसांत गिरिजाबाईंचं पत्र आलं. चौतीस घरांपैकी बहुतेकांना तात्पुरती कार्डं मिळाली होती. तीन-चार अजून अडकली होती. मल्लव्वांना कार्ड मिळालं, पाचही नावं एकावर. चौघींपुढे ‘आश्रित’ लिहिलं होतं, आणि कुटुंबप्रमुखाचं नाव नुसतं ‘मल्लाप्पा’, पुरुष. दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागणार होता, कोरा फॉर्म सोबत जोडला होता.

पत्राच्या शेवटी रॉकेलच्या पहिल्या दिवसाची हकीकत होती. दुकानदाराने कार्ड उघडून हाक मारली, “मल्लाप्पा!” मल्लव्वा डबा घेऊन पुढे गेल्या. दुकानदाराने कार्ड बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. “हे तर बाप्याचं नाव हाय.”

रांगेत मागे रेणव्वा उभी होती. तिचं मराठी आता बरंच सुधारलं आहे, असं गिरिजाबाईंनी लिहिलं होतं.

“नाव कागदाचं हाय,” ती मागून ओरडली. “डबा मल्लव्वा अक्काचा हाय. भर.”

त्याने भरला.